तंबोरा पाण्याखालून वाजतोय: फोनवर गाणी टाकताना पुन्हापुन्हा बिघडणारा आवाज

"अगं, तंबोरा पाण्याखालून वाजतोय."

बाबांची ही तक्रार पुण्यात आमच्या कोथरूडच्या घरात आतापर्यंत तीनदा आली, आणि तिन्ही वेळा डिसेंबरात. पहिल्या वर्षी मी ती फारशी मनावर घेतली नाही. मग लक्षात आलं की मुकुंदनगरला सवाई गंधर्व महोत्सवात चार-पाच दिवस बसून आलं की बाबांचे कान धार लावल्यासारखे होतात. वर्षभर फोनवर जे चालवून घेतलं, ते त्यांना दुसऱ्या दिवशी सकाळी चहाबरोबर खटकतं. म्हणजे बिघाड डिसेंबरात होत नव्हता. तो आधीच झालेला असायचा, फक्त पकडला जायचा तेव्हा.

दर वेळी मी काहीतरी करायचे, तक्रार थांबायची, आणि पुढच्या वर्षी पुन्हा तंबोरा पाण्यात. तिन्ही वेळा कारण वेगळं निघालं. ते शोधायला जितका वेळ गेला, त्यातला निम्मा तरी चुकीच्या जागी गेला, म्हणून हे सगळं लिहून ठेवते आहे. ख्याल, नाट्यसंगीत, अभंग असं काही फोनवर टाकून ऐकणाऱ्यांना उपयोग होईल. ढोल-ताशाचं रेकॉर्डिंग ऐकणाऱ्यांना कदाचित हा त्रास जाणवणारही नाही.

आधी आमच्याकडचं साहित्य सांगते. बाबांच्या दोनशेच्या आसपास सीडी, आणि त्याहून जुन्या कॅसेट, त्यातल्या बऱ्याच अलुरकर म्युझिक हाउसच्या. सीडी मी सवडीने लॅपटॉपवर उतरवून त्यांच्या फ्लॅक प्रकारच्या फायली केल्या. सीडीवरचा आवाज सेकंदाला ४४,१०० नमुने, प्रत्येक नमुना १६ बिटचा, डावा-उजवा असे दोन चॅनल, म्हणजे सेकंदाला १,४११ किलोबिट. तासाभराच्या मैफलीला ६३५ एमबी लागतात. फ्लॅक त्याची घडी घालून साधारण निम्म्या जागेत बसवतं, आणि उलगडलं की मूळ आवाज बिटन्‌बिट परत मिळतो. एमपी३ आणि एएसी हे फाइलचे दुसरे प्रकार तसं करत नाहीत. कानाला ऐकू येणार नाही असं त्यांना जे वाटतं ते ती कायमचं काढून टाकतात. १२८ किलोबिटची फाइल म्हणजे मूळ माहितीच्या अकराव्या हिश्शात बसवलेलं गाणं.

पहिल्या वर्षीचं कारण अगदी साधं होतं. बाबांचा तेव्हाचा फोन १६ जीबीचा आयफोन. जागा पुरेना म्हणून भाच्याने लॅपटॉपवर सिंक करताना, म्हणजे लॅपटॉपवरची गाणी प्रोग्रामकडून आपोआप फोनवर पाठवताना, एका चौकटीत टिक करून दिली होती, आणि ती तशीच राहिली. ॲपलच्या आयट्यून्स या प्रोग्राममध्ये फोन जोडल्यावर सारांशाच्या पानावर खाली 'कन्व्हर्ट हायर बिट रेट साँग्ज टू' असा पर्याय असतो. शेजारी १२८, १९२ किंवा २५६ निवडता येतं. मॅकवर २०१९च्या कॅटॅलिना या आवृत्तीपासून आयट्यून्स गेलं आणि हे सगळं फाइंडरमध्ये आलं, पण पर्याय तोच आहे. ही टिक असली की लॅपटॉपवरची फाइल जशीच्या तशी राहते आणि फोनवर मात्र बारीक केलेली प्रत जाते. म्हणून लॅपटॉपवर ऐकून बघितलं तर सगळं उत्तम, आणि फोनवर पाणी. मी त्या वर्षी चार दिवस हेडफोनवर संशय घेत बसले होते.

विंडोज मीडिया प्लेयर वापरणाऱ्यांनीही उपकरणाच्या सेटिंगमध्ये क्वालिटीचा टॅब बघावा. 'उपकरणाला गरज असेल तशी फाइल बदल' अशा अर्थाचा पर्याय तिथे असतो. म्युझिकबीमध्येही उपकरणानुसार रूपांतर ठरवता येतं. प्रोग्राम कुठलाही असो, 'सिंक' या शब्दाचा अर्थ नुसतं 'कॉपी' असा धरून चालू नका.

हे तपासायची एक सोपी पद्धत मला नंतर सापडली, आणि आता मी दुसरं काही करायच्या आधी तेच करते. तंबोरा स्पष्ट ऐकू येतो असा, म्हणजे आलापीचा, एक ट्रॅक घ्यायचा. तो सिंकच्या वाटेने फोनवर जाऊ द्यायचा. मग तीच मूळ फाइल केबल लावून हाताने फोनच्या एखाद्या फोल्डरमध्ये टाकायची आणि व्हीएलसी या मोफत प्लेयरमधून वाजवायची. आयफोन असेल तर फाइल शेअरिंगमधून थेट व्हीएलसीत टाकता येते. दोन्ही प्रती त्याच फोनवर, तारेच्या त्याच इयरफोनने ऐकायच्या. हाताने टाकलेली चांगली आणि सिंकमधून आलेली वाईट असेल, तर दोष रूपांतरात आहे. दोन्ही सारख्याच वाईट असतील, तर सिंकला शिव्या देण्यात अर्थ नाही. एक तर मूळ फाइल खराब आहे, नाहीतर फोन. तीच मूळ फाइल लॅपटॉपवर ऐकली की यातलं कोणतं ते दहा मिनिटांत कळतं. ब्लूटूथ या चाचणीत अजिबात आणायचं नाही, त्याचं नंतर बघू.

आता प्रश्न असा की तंबोराच का? गाणारा आवाज तर १२८ वरही बरा वाटतो. कारण जवारी, म्हणजे तंबोऱ्याच्या तारेचा तो झणकार. घोडीवर तारेखाली सरकवलेला दोरा नेमक्या जागी बसला की एका षड्जातून वरच्या स्वरांशांची सबंध रांग उठते, सतत, न थांबता, आणि प्रत्येकाची चमक वेगवेगळ्या क्षणी वर येते. एमपी३सारखं रूपांतर आवाजाचे वेगवेगळे पट्टे करतं आणि प्रत्येकाला किती बिट द्यायचे ते क्षणाक्षणाला ठरवतं. नुसता तंबोरा चालू असेल तर निभावतं. गायक सुरू झाला, तबल्यावर ठेका आला, हार्मोनियम साथीला आली की बिटांची ओढाताण होते आणि मागच्या तंबोऱ्याचा वाटा कमी होतो. पुढच्याच क्षणी गायकाने श्वास घेतला की तो परत मिळतो. ही जी ये-जा होते, तीच कानाला बुडबुड्यासारखी, पाण्याखालच्यासारखी लागते. बाबांनी दिलेलं वर्णन अगदी बरोबर होतं. मीच ते उपमा म्हणून सोडून दिलं.

या बाबतीत एक गैरसमज मीही बाळगून होते. स्पेक नावाचा छोटा मोफत प्रोग्राम आहे. त्यात फाइल टाकली की आवाजाचा रंगीत नकाशा दिसतो. १२८ किलोबिटच्या एमपी३मध्ये बहुतेक वेळा १६ किलोहर्ट्झच्या आसपास सरळ रेघ मारल्यासारखा वरचा भाग काळा असतो. मला वाटलं, हेच हरवलंय. पण बाबा सत्तरीच्या पुढे आहेत. त्या वयात १६ किलोहर्ट्झ कुणाला ऐकू येतो? ती काळी पट्टी म्हणजे फाइल कुठून कशी आली याचा शिक्का आहे, आवाज बिघडण्याचं कारण नव्हे. बिघाड खालच्या, सगळ्यांना ऐकू येणाऱ्या पट्ट्यातच असतो. आणि उलटही खरं: एफएम रेडिओवरून उतरवलेल्या रेकॉर्डिंगमध्ये १५ किलोहर्ट्झच्या वर मुळातच काही नसतं, जुन्या कॅसेटमध्ये तर त्याहूनही कमी. तिथे काळी पट्टी दिसली म्हणून कुणी फाइल बिघडवली असा आरोप करू नये.

दुसऱ्या वर्षीचा दोष सर्वस्वी माझा. लॅपटॉप बंद पडला होता, फ्लॅकची डिस्क माळ्यावरच्या खोक्यात होती, आणि बाबांना नवा अँड्रॉइड फोन आला होता. गाडीत लावायच्या पेनड्राइव्हवर सगळी गाणी होतीच. ती १२८ची होती हे मला ठाऊक होतं, म्हणून शहाणपणा करून मी ती सगळी ३२० किलोबिटची करून घेतली. आकार अडीचपट झाला, फोनवर '३२०' दिसू लागलं, आणि डिसेंबरात तंबोरा पूर्वीपेक्षा वाईट!

झेरॉक्सची झेरॉक्स काढताना कागद जाड वापरला म्हणून अक्षरं सुधारत नाहीत. एकदा काढून टाकलेलं परत येत नाही, आणि दुसऱ्या रूपांतरात पहिल्याचे ओरखडेसुद्धा 'गाणं' म्हणून मोजले जातात. एमपी३चं एएसी, एएसीचं एमपी३, काहीही केलं तरी नुकसान साठत जातं. फायली कुणाकडून आल्या असतील आणि वर ३२० लिहिलेलं असेल तर स्पेकमध्ये बघा. ३२०च्या फाइलमध्ये १६ किलोहर्ट्झलाच रेघ असेल आणि गाणं अलीकडच्या सीडीवरचं असेल, तर बहुधा कुणीतरी माझ्यासारखाच शहाणपणा केलेला आहे.

आयफोनवाल्यांसाठी इथेच आणखी एक खाच आहे. ॲपलच्या म्युझिकमध्ये फ्लॅक घेता येत नाही. त्यासाठी ॲपलचं स्वतःचं अॅलॅक आहे. फ्लॅकचं अॅलॅक करताना काहीही हरवत नाही, पुन्हा उलटं केलं तरी नाही. पण अॅलॅक आणि एएसी या दोन्हींच्या फाइलच्या नावाला शेपूट एकच लागतं, एम४ए. नावावरून कळतच नाही की ही पूर्ण फाइल की बारीक केलेली. गाण्याची माहिती उघडून बिटरेट बघायचा. बरोबर २५६च्या आसपास आकडा दिसला तर एएसी, पाचशे-नऊशे असा वेडावाकडा आकडा दिसला तर अॅलॅक. आणि वर सांगितलेली ती टिक राहिली असेल तर अॅलॅकही 'हायर बिट रेट' मध्येच मोडतं, सिंक करताना त्याचंही एएसी होतं.

दुसऱ्या वर्षीनंतर मी व्यवस्था बदलली, आणि आजही तीच चालू आहे. 'मूळ' नावाचा एक फोल्डर. त्यात फक्त सीडीवरून केलेली फ्लॅक आणि कॅसेटवरून घेतलेली रेकॉर्डिंग. दोन वेगळ्या डिस्कवर. त्याला कुठलाही सिंक प्रोग्राम दाखवायचा नाही. 'मोबाइल' नावाचा दुसरा फोल्डर, तो फूबार२००० हा प्रोग्राम वापरून 'मूळ'वरून तयार केलेला, २५६ किलोबिट एएसी. सिंकला फक्त हा फोल्डर दिसतो, आणि सिंकमधलं रूपांतर बंद. फोन बदलला, दुसरा प्रकार हवा झाला, तर 'मोबाइल' सरळ पुसायचा आणि 'मूळ'वरून पुन्हा करायचा. 'मोबाइल'वरून दुसरं काही कधीही करायचं नाही, कितीही घाई असली तरी.

मग फोनवरही फ्लॅकच का नाही, असं कुणी विचारेल. अँड्रॉइडला फ्लॅक चालतं, जागा असेल तर जरूर ठेवा. मी फूबारमधली डोळे झाकून तुलना करायची चाचणी केली, जिच्यात कोणती फाइल कोणती ते आपल्याला दिसत नाही. फ्लॅक आणि २५६ एएसी यांतला फरक मला घरी चांगल्या हेडफोनवर एकदाही खात्रीने सांगता आला नाही. वनाज ते रामवाडी मेट्रोत तर प्रश्नच नाही. २५६ला तासाला ११५ एमबी लागतात, म्हणजे ४० जीबी मोकळी असतील तर जवळजवळ साडेतीनशे तासांचं गाणं. बाबांना तेवढं पुरतं. १२८ आणि २५६ यांतला फरक मात्र बाबांनी दहापैकी दहा वेळा ओळखला, आणि वर "हे काय विचारायचं?" असा चेहरा केला.

ख्याल ऐकणाऱ्यांना आणखी एक काटा टोचतो, तो आवाजाच्या दर्जाचा नाही, सलगपणाचा आहे. बऱ्याच सीडींवर बडा ख्याल एक ट्रॅक आणि छोटा ख्याल दुसरा, पण मैफल मध्ये थांबलेली नसते. सीडीवर ते सलग वाजतं. फोनवर मध्ये एक हिसका बसतो, नेमका समेच्या तोंडावर. एमपी३ आवाजाचे ११५२ नमुन्यांचे तुकडे करतं, म्हणजे प्रत्येकी २६ मिलिसेकंद. गाणं त्या मापात बरोबर बसत नाही म्हणून पुढे-मागे रिकामी जागा भरली जाते. लेम या एमपी३ बनवणाऱ्या प्रोग्रामने ती किती भरली हे फाइलमध्ये नोंदवून ठेवलेलं असतं, पण वाजवणाऱ्या ॲपने ती नोंद वाचून तेवढा भाग गाळला तरच उपयोग. सगळी ॲप ते करत नाहीत. फ्लॅकमध्ये ही अडचण नाही. माझा उपाय गावठी आहे: सलग मैफल असेल तिथे 'मूळ'मधले दोन ट्रॅक आधी जोडून एक करायचे आणि मग एएसी करायचं. यादीत ५४ मिनिटांचा एकच ट्रॅक दिसतो. बाबा म्हणतात, मैफल अशीच असते.

नावांचं थोडक्यात. जुन्या संगणकावर श्रीलिपीसारख्या फाँटमध्ये टाइप केलेली रागांची नावं फोनवर इंग्रजी अक्षरांची खिचडी होऊन येतात, कारण ती मुळात इंग्रजी अक्षरंच असतात, त्यांना कपडे तेवढे मराठीचे घातलेले. फोनमध्ये तो फाँट नाही, म्हणून कपडे उतरतात. एमपी३टॅग हा गाण्यांची नावं बदलायचा प्रोग्राम उघडून युनिकोडमध्ये नव्याने टाइप करण्याला पर्याय नाही, किंवा मजकूर आधी फाँट कन्व्हर्टरमधून काढा. हे काम मी रोज रात्री वीस फायली अशा हिशेबाने दोन महिने केलं आणि त्यात मारुबिहाग तीन वेगवेगळ्या प्रकारे लिहिलेला सापडला.

तिसऱ्या वर्षी मी पूर्ण निर्धास्त होते. 'मूळ' ठीक, 'मोबाइल' ठीक, सिंकची टिक नाही. तरी डिसेंबरात तेच वाक्य. दोन प्रतींची चाचणी केली: सिंकची आणि हाताने टाकलेली, दोन्ही सारख्याच पाण्यात. तीच फाइल लॅपटॉपवर स्वच्छ. म्हणजे दोष फोनमध्येच. तारेचा इयरफोन लावला तरी तेच, म्हणजे ब्लूटूथही नाही. शेवटी फोनच्या आवाजाच्या सेटिंगमध्ये खोल गेले तर 'थ्रीडी सराउंड' चालू! कुणी चालू केलं ते घरात अजून कुणी कबूल केलेलं नाही. हा परिणाम डाव्या-उजव्या चॅनलमध्ये खेळ करून आवाज लांबरुंद भासवतो. सिनेमाला ठीक, पण दोन तंबोऱ्यांच्या मधली जागा तो घुसळून काढतो. बंद केलं, तंबोरा कोरडा झाला. इक्वलायझर, 'आवाज सुधारा' वगैरे नावांचं जे काही असेल ते चाचणीच्या आधीच बंद करावं, हे मला तिसऱ्या वर्षी सुचलं.

ब्लूटूथचं इतकंच, की तिथे आणखी एकदा रूपांतर होतं, फाइल कितीही चांगली असो. एसबीसी हा त्या रूपांतराचा सगळ्या हेडफोनना चालणारा प्रकार; ते चांगल्या जोडणीत साधारण ३२८ किलोबिटपर्यंत जातं आणि ते अगदीच वाईट नाही. काही हेडफोनमधला एलडॅक हा प्रकार ९९०पर्यंत जातो, पण गर्दीत जोडणी अडखळू लागली तर ६६० किंवा ३३०वर उतरतो. नेकबँडवर आवाज अचानक जुन्या टेलिफोनसारखा, एकसुरी आणि चेपलेला झाला, तर मात्र तो फाइलचा दोष नव्हे. लॅपटॉपवर हे हमखास होतं: माझ्या मुलीचा ऑनलाइन गाण्याचा क्लास चालू असला की मीटिंगचं ॲप नेकबँडचा माइक धरून ठेवतं, आणि माइक चालू झाला की नेकबँड संगीताच्या जोडणीवरून फोनकॉलच्या जोडणीवर जातो. ते ॲप बंद करा किंवा माइक लॅपटॉपचाच निवडा.

केबलबद्दल लोक फार विचारतात. केबल चांगली-वाईट असल्याने आवाज चांगला-वाईट होत नाही; फाइल पोचते किंवा पोचत नाही. तपकीर गल्लीतून आणलेली केबल फक्त चार्जिंगची निघाली तर लॅपटॉपला फोन दिसणारच नाही. जोडणी मध्येच तुटली तर फाइल अर्धवट राहते, गाणं मध्येच थांबतं किंवा पुढच्यावर उडी मारतं. अशा वेळी दोन्हीकडचा आकार बाइटपर्यंत जुळतो का ते बघायचं, बस.

यंदाच्या डिसेंबरात तंबोऱ्याची तक्रार आली नाही. वेगळी आली. कॅसेटवरून उतरवलेली एक बाजू बाबा रियाजाला लावून बसले आणि पेटीवर काळी एक ही पट्टी धरून बघितली, तर गाणं तिच्या एक अर्धस्वर खालच्या पांढरी एकच्या जवळ. हे रूपांतराचं काम नाही. कॅसेट वाजवणारा डेक साडेपाच टक्क्यांनी जरी हळू फिरला तरी गाणं एक अर्धस्वर खाली येतं, आणि आमच्या डेकचा रबरी पट्टा सैल झालाय. ऑडॅसिटी या आवाज संपादनाच्या प्रोग्राममध्ये वेग वाढवून ती बाजू तात्पुरती वर आणून दिली आहे, 'मूळ'मधल्या फाइलला हात न लावता. पट्टा मिळाला की ती कॅसेट पुन्हा उतरवायची आहे.